लोखंडी टोप आणि सुभद्रामावशीचं धुणं

गेवराई

एसटीत मांडीवर लोखंडी टोप घेऊन बसलं की शेजारचा माणूस फार वेळ गप्प राहत नाही. संभाजीनगरला गाडी बदलल्यापासून माझ्या शेजारचे आजोबा त्या गाठोड्याकडे बघत होते. गोदावरीचा पूल ओलांडला, गेवराईच्या अलीकडे वाळूच्या टिपरमागे गाडी अडकली, आणि त्यांचा धीर संपला.

"देवाचा हाय का?"

"काय?"

"मुकुट. कुठल्या देवाला बसवायला निघालाव?"

मी उपरण्याची गाठ सोडून त्यांना टोप दाखवला. उतरत्या छपरासारखा निमुळता माथा, डोळ्यांपुरती आडवी फट, तोंडासमोर श्वासासाठी भोकं. त्यांनी टिचकी मारून पोलाद वाजवून पाहिलं. मग मला सगळं सांगावं लागलं. युरोपातले सरदार काही शतकांपूर्वी घालायचे तसं कवच हल्ली कारागीर पुन्हा बनवतात. ते अंगावर चढवून, बोथट पण खऱ्या लोखंडी तलवारीनं आणि परशूनं दोन माणसं पंचांसमोर एकमेकांना बडवतात आणि गुण मोजले जातात. आम्ही त्याला कवचयुद्ध म्हणतो. मी नाशकात बँकेत काउंटरवर बसते आणि सुटीच्या दिवशी हे करते.

"मालक काही म्हणत न्हाईत?"

"नाही. त्यांना नाही मारत मी."

आजोबा खूश झाले. गेवराईला गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्या वाटचा चहासुद्धा सांगितला. चहा पिता पिता मी टोप पुन्हा उपरण्यात बांधला.

मार पोलाद सोसतं असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. पोलाद फक्त कापू देत नाही. मार सोसतं ते आतलं अस्तर. घट्ट भरून शिवलेली जाड टोपी असते, ती टोपाच्या कडेनं दोरीनं ओवून आत टांगलेली असते, आणि माथ्यापाशी तिच्यात आणि पोलादात मोकळी जागा ठेवलेली असते. घाव आला की टोप खाली येतो, पण डोक्याला टेकत नाही. निदान टेकू नये. गेल्या वर्षी माझं अस्तर दबून मऊ पडलं होतं, मी कंटाळा केला, बदललं नाही, आणि एका सामन्यात टोप टेकला. त्यानंतर कित्येक आठवडे घरातली फरशी तिरकी दिसायची. काउंटरवर नोटा मोजता मोजता आकडा हरवायचा. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की पुन्हा असा मार बसता कामा नये. नवऱ्यानं एकच अट घातली, अस्तर डोक्याच्या मापानं नवं करून घे, मगच जा. ते करून घेतलं होतं. नाशिकच्या कारागिराकडे बसून, दहादा डोकं घालून आणि काढून.

शनिवारी अंबाजोगाईला सामना होता; बाकीचं कवच आणि तलवार मी पार्सलनं आधीच तिकडे पाठवली होती. बायकांच्या गटात परदेशी जाणाऱ्या संघात एकच जागा होती, आणि त्या जागेसाठी आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि रूपाली. रूपाली नाशकात शिकायला होती तेव्हा आमच्या तालमीत आली. तिच्या हातात पहिली तलवार मीच दिली. आता ती बीडला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि लिंबागणेशजवळच्या वस्तीवरून रोज जाऊन येऊन करते. लॉजचं नाव काढलं तशी ती फोनवर भडकलीच होती. "घर असताना लॉजवर? आई मला जेवू घालायची न्हाई, ताई."

आमच्याकडे नाशकात असं होत नाही. ज्याच्याशी लढायचं त्याच्याच घरी सामन्याआधी कोणी मुक्कामाला जात नाही. पण मी गेले.

लिंबागणेशजवळची वस्ती

बीड मागे पडलं की रस्ता बालाघाटाच्या डोंगरात चढतो. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते. माळ पिवळा पडला होता आणि बांधाबांधावर सीताफळाची झाडं लगडली होती. गणपतीच्या देवळाचं शिखर दिसलं तिथून रूपालीच्या स्कूटरवर मागे बसून, टोप पोटाशी धरून, मी वस्तीवर पोचले.

तीन खोल्यांचं घर, पुढे अंगण, कडुनिंब, आणि बाजूला मेंढरांचा वाडा. वाड्यात थोड्या माद्या आणि कोकरं होती. बाकीचा कळप घेऊन रूपालीचे वडील गोदाकाठाला गेले होते. तिची आई, सुभद्रामावशी, दारातच उभी होती. ठेंगणी, कपाळभर कुंकू, मनगटं माझ्यापेक्षा जाड. तिनं आधी माझ्या पायावर पाणी घातलं आणि मग टोपात डोकं घालून वास घेतला.

"माय माय! कितीक दिस धुतला न्हाई हा?"

"धुवायचा नसतो मावशी, नुसता वाळवायचा."

"हां," ती म्हणाली. मला वाटलं, तिला पटलं.

रात्रीच्या जेवणाला बाजरीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि कांदा. आमटी इतकी झणझणीत की माझ्या नाकातून पाणी आलं, आणि मावशी समाधानानं हसली. जेवण झाल्यावर मी टोपातल्या दोऱ्या सोडून अस्तर बाहेर काढलं. प्रवासात ते घामानं आणि दमटपणानं कुबट झालं होतं. सकाळचं ऊन लागेल म्हणून मी ते अंगणातल्या तारेवर टाकलं आणि झोपले.

शुक्रवारी सकाळी जाग आली ती धोपाटण्याच्या आवाजानं. धप, धप, धप. अंगणात आले तर तार रिकामी. हौदाजवळच्या दगडावर मावशी बसली होती, बाजूला माझा कालचा सदरा पिळून ठेवलेला, आणि तिच्या हातातल्या लाकडी धोपाटण्याखाली माझं अस्तर. सोड्याचा फेस दगडावरून ओघळत होता. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही, आणि ते तिच्या हातातून ओढून घेतलं.

आतला ठासून भरलेला कापूस एका बाजूला गोळा झाला होता. कपाळाचा भाग रिकामी पिशवी. दोन ठिकाणी शिवण उसवून ओले गोळे बाहेर आले होते.

"धुवायचं नाही म्हणाले होते ना मी!"

मावशी उठून उभी राहिली. हाताला फेस तसाच. "तू टोपाचं म्हनलीस. हे तर कापड हाय. तारंवर टाकलंस तवा मला वाटलं, धुण्यालाच हाय. पाव्हणीचं मळकं घरात कसं ठिवावं?"

रूपाली आतून धावत आली. तिनं अस्तर हातात घेतलं, दाबून पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. ती आईवर इतकी चिडली की मलाच मध्ये पडावं लागलं. नंतर तिनं मला सांगितलं की मुक्कामी आलेल्या माणसाचे कपडे न धुता त्याला वाटेला लावणं त्यांच्याकडे कमीपणाचं मानतात. माझा सदरा, सलवार, मोजेसुद्धा मावशीनं धुऊन वाळत घातले होते. तारेवर जे दिसलं ते सगळं.

सामन्याला एक दिवस राहिला होता. अस्तराशिवाय पंच टोप नाकारणार, आणि टोप नाकारला की न लढताच जागा रूपालीची. दुसऱ्या कोणाचा टोप माझ्या डोक्याला बसत नाही. माझं डोकं मागे लांबट आहे, लहानपणापासून सगळे त्यावरून चिडवतात.

बीड

भरायला काहीतरी कडक मिळेल म्हणून मी जीप पकडून बीडला निघाले. रूपालीला शाळा होती. जीपवाला वस्तीजवळचाच होता. वाटेत त्यानं चौकशी केली, आणि मी चिडलेली असल्यामुळे सगळं सांगून टाकलं. तो स्टिअरिंगवर हात मारून हसला.

"सुभद्राकाकूनं कुस्ती घरीच मारली म्हना की! लेकीची वाट मोकळी!"

पुढच्या सीटवरचे दोघं पण हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तोपर्यंत माझ्या मनात हे आलं नव्हतं. आता आलं, आणि बीडचा बसस्टँड येईपर्यंत गेलं नाही. टोप धुवायचा नाही हे मी स्वतः सांगितलं होतं. 'हां' म्हणाली होती ती. एकुलती एक लेक, परदेशी जायची संधी. माझ्या मनाला मीच बजावत होते की असं वाटून घेऊ नये, पण वाटत होतं.

बीडमध्ये गादीवाल्यांकडे नुसता कापूस. मग कोणीतरी गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या शब्बीरभाईंचं दुकान दाखवलं. ते ट्रकच्या सीटेवर वाकून दाभणानं टाके घालत होते. मी टोप पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत तोलला, आत हात घालून पाहिलं आणि मागच्या ढिगातून स्पंजाचे तुकडे काढले. मी अंगठ्यानं दाबले. सगळे तळापर्यंत गेले.

"ताई, खरं सांगू का," ते म्हणाले, "हे बसायला हाय. मार खायाला न्हाई. डोक्याचा मामला हाय, मी उगं कायतरी भरून देणार न्हाई."

दुसऱ्या एखाद्यानं दिलं असतं. त्यांनी मला मेणाचा जाड दोरा आणि एक दाभण दिलं, लिंबाचं सरबत पाजलं, आणि परतीच्या जीपपर्यंत पोचवायला आले. मी रिकाम्या टोपासह परत निघाले. नवऱ्याला फोन करायचा होता, पण काय सांगणार म्हणून केला नाही.

पुन्हा वस्ती

परत आले तर मावशीनं अंगणात घोंगडी अंथरून माझं अस्तर उसवून, धुऊन वाळलेलं कापड वेगळं करून ठेवलं होतं. घरचा नवा वेचलेला कापूस तिनं सरकी काढून पिंजला होता. तिनं तो माझ्यासमोर ठासून भरला, आणि शब्बीरभाईंच्या दोऱ्यानं, गोधडीचे घालतात तसे बारीक सरळ टाके घालून दुपार टळायच्या आत शिवूनही दिलं. दिसायला नाशिकच्यापेक्षा देखणं. मी दोऱ्या ओवून ते टोपात बसवलं आणि डोक्यावर चढवलं. इतकं मऊ, इतकं सुखाचं की मला शंकाच आली. टोप सुखाचा लागला की समजावं, काहीतरी चुकलंय.

तपासायची आमची एक रीत आहे. टोपाच्या माथ्याला आतून खडूची पूड फासायची आणि घाव घ्यायचा. अस्तराच्या टोकाला पूड लागली की टोप टेकला. खडू नव्हता, म्हणून मावशीनं बाजरीचं पीठ दिलं. रूपाली शाळेतून आली होती. मी तिला तलवार घ्यायला सांगितली.

"न्हाई," ती म्हणाली.

"अगं, हळू मार. तपासायचंय."

"घरात न्हाई, ताई. आमच्या दारात पाव्हण्यावर हात उगारत न्हाईत. उद्या मैदानात काय ते मारीन."

मी मावशीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. कामाला आलेल्या शेजारणीला विचारलं, तर तिनं पदर तोंडाला लावला आणि लांब जाऊन उभी राहिली. मला तेव्हा हसू पण आलं आणि रडू पण. नाशकात मला तालमीत लोखंडानं ठोकणारी पोरगी, आणि इथे काठी उचलायला तयार नाही.

शेवटी मी टोपाचा पट्टा हनुवटीखाली आवळला, मान खाली घातली आणि एडक्यासारखी कडुनिंबावर धावून गेले. वाड्यातली मेंढरं माना वर करून बघत राहिली. डोक्यात ठणका बसला, दातावर दात आपटले, आणि क्षणभर अंगण तिरकं झालं. तेच तिरकं, गेल्या वर्षीचं. मी तशीच खाली बसले. पट्टा मला काढता येईना म्हणून रूपालीनं काढला.

अस्तराच्या टोकाला पीठ लागलं होतं. सगळ्या माथ्यावर, पांढरं शुभ्र.

"संपलं," मी म्हणाले. "उद्या मी उतरत नाही."

रूपाली माझ्या शेजारी बसली. ती खूश झाली असेल का हे मी तिच्या तोंडाकडे पाहून ओळखायचा प्रयत्न केला, आणि ओळखता येईना. उभं राहवत नव्हतं म्हणून मी सरकत जाऊन घराच्या भिंतीला टेकून बसले. माझ्या डोक्याला खुंटीवर टांगलेलं काहीतरी टोचत होतं. हात लावला तर घोड्याचं खोगीर. दोन्ही बाजूंना लोकरीच्या थरांच्या जाड उशा आणि मध्ये पोकळी, घोड्याच्या पाठीच्या कण्यावर भार येऊ नये म्हणून. मी सवयीनं अंगठ्यानं दाबलं. ते दबलं, थोडंच, आणि लगेच अंगठा परत ढकलला.

"मावशी, हे काय भरलंय?"

"लोकर हाय. भिजवून, तुडवून घट केलेली. वर्सानुवर्स. ते कावून ईचारतीस?" आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिला कळलं. तिनं खोगीर खुंटीवरून काढलं आणि मांडीवर घेतलं.

घोडी मरून काही वर्षं झाली होती. आता कळपाबरोबर सामान टेम्पोनं जातं. पण आधी संसार घोडीच्या पाठीवर असायचा, आणि वाटेनं चालताना झोळी बांधायला झाड कुठलं मिळणार, म्हणून सामानाच्या वर, याच खोगिराला तान्ही रूपाली बांधलेली असायची. मावशीनं हे खाली बघत सांगितलं. "रुपी ह्याच्यावरच वाढली. चालता व्हईपतुर खाली पाय न्हाई तिचा."

"मग राहू द्या," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

ती उठली, आत गेली, आणि मेंढरांची लोकर कातरायची मोठी कात्री घेऊन आली.

नंतर आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत भांडत शिवत होतो. ती म्हणायची टाके जवळ घाल, मी म्हणायची लांब, नाहीतर घडी मोडेल. ती कपाळाचा थर एकच ठेवायला निघाली, मी दोन मागितले. माथ्यावर पोकळी राहायलाच हवी हे मी तीनदा सांगितलं तेव्हा ती वैतागली. "घोडीला येवढं समजावून शिवलं न्हाई म्या." रूपाली कंदिलासारखा मोबाइल धरून बसली होती. "ताई, आता तुझ्या डोक्यात खरीखुरी खोगीरभरती झाली," ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिघी हसलो.

तरी सांगते, मावशी शिवत होती तेव्हा मी प्रत्येक टाक्याकडे डोळे लावून बसले होते. जीपवाल्याचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. एक सैल टाका पुरेसा असतो. तिच्या ते लक्षात आलं असावं. दोरा तोडून तिनं अस्तर माझ्यापुढे टाकलं. "वढून बघ. जोर लावून वढ."

मी ओढलं. पीठ फासून पुन्हा कडुनिंबाला धडक दिली. मान दुखली, पण अंगण जागच्या जागी राहिलं, आणि अस्तराला पीठ लागलं नाही. झाड मात्र परशू नव्हे. परशूचा घाव कसा बसेल ते मैदानातच कळणार होतं.

अंबाजोगाई

शनिवारी सकाळी तिघी एकाच जीपनं निघालो. मावशीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि सीताफळांची पाटी घेतली होती. केज मागे टाकून अंबाजोगाईत शिरलो तेव्हा रस्त्यावर कॉलेजची पोरं, दवाखान्यांच्या पाट्या आणि फळांचे गाडे. मैदानाभोवती चांगलीच गर्दी होती. बायका बायकांना लोखंडानं मारणार ही बातमी गावभर झाली होती.

पंचांनी टोप तपासायला घेतला, आत नाक घातलं आणि मागे सरले.

"हा कसला वास?"

"घोड्याचा," मी म्हणाले.

त्यांनी टोप माझ्या डोक्यावर चढवून चारी बाजूंनी ओढून पाहिला. डोकं हललं की टोप हलला, वेगळा हलला नाही. फट डोळ्यांसमोर राहिली. त्यांनी मान डोलावली, पण टोप परत देताना हळूच विचारलं, "गेल्या वर्षी तुम्हालाच लागलं होतं ना? उतरायची खात्री आहे?" मी हो म्हणाले.

टोपाच्या आत जग एका फटीएवढं होतं. स्वतःचा श्वास, घामाची धार, आणि लोकरीचा, घोड्याचा, जुन्या उन्हाचा वास. समोर रूपाली, तिच्या हातात परशू. शिट्टी झाली. पहिला घाव डोक्यावर येणार म्हणून मी खांदे आवळून वाट बघत होते. तो माझ्या दंडावर आला. दुसरा बरगडीच्या कवचावर. मी तिच्या डोक्यावर दोन घातले, गुण मिळाले. ती पुन्हा दंडावर, पुन्हा ढालीवर. पहिली फेरी मी जिंकले.

दुसऱ्या फेरीत मला कळलं. माझी ढाल खाली आली, माथा उघडा पडला, तिचा परशू वर गेला, वरच थांबला आणि फिरून माझ्या खांद्यावर आला. ती माझ्या डोक्यावर मारतच नव्हती. मुद्दाम. मला असा राग आला म्हणून सांगू! मी इतक्या लांबून दया घ्यायला आले नव्हते. "मार ना!" मी टोपातून ओरडले, पण पोलादाच्या आतलं ओरडणं बाहेर नुसतं घोगरं ऐकू जातं. ती पुन्हा मांडीवर मारून मागे सरली. गुणफलकावर मी पुढे होते, आणि जागा माझ्या हाताशी आली होती. खरं सांगायचं तर त्या रागातही मला हायसं वाटत होतं. डोकं वाचत होतं.

तेवढ्यात दोरीपलीकडून मावशीचा आवाज आला. माळावर कळपाला हाक घालणारा आवाज, टोपाच्या आतही स्वच्छ ऐकू आला.

"रुपे! डोस्क्यात मार की! कावून भितीस? म्या शिवलंय ते!"

रूपालीनं क्षणभर आईकडे पाहिलं. कवचात डोळे पुसता येत नाहीत. संपूर्ण मैदानात माझ्या डोक्यावरच्या प्रत्येक टाक्याची खात्री असलेली एकच बाई होती, आणि ती आपल्या लेकीला तिथे मार म्हणत होती. मी ढाल सावरायच्या आत रूपालीचा परशू आला, पूर्ण ताकदीनं, सरळ माथ्यावर.

आवाज देवळातल्या घंटेसारखा झाला. मान खांद्यात शिरली. टोप खाली आला, लोकर दबली, आणि तिनं त्याला परत ढकललं. मी डोळे उघडे ठेवून जमिनीकडे पाहिलं. जमीन सरळ होती.

त्यानंतर रूपाली खरी लढली. एक घाव, दुसरा, तिसरा, सगळे डोक्यावर, सगळ्यांचे गुण. मीही दिले, पण ती तरुण आहे, वेगवान आहे, आणि तिला शिकवलंय मीच. दुसरी फेरी तिनं ओढून घेतली आणि तिसरी सहज जिंकली. पंचांनी तिचा हात वर केला तेव्हा मी उभी होते. मला जागा गेल्याचं चांगलंच वाईट वाटलं, आणि तरी पाय जमिनीवर पक्के होते याचा आनंद त्याहून मोठा होता.

लोक दोरी ओलांडून आत शिरले. त्यांच्या पुढे मावशी, लुगड्याचा ओचा खोचलेला. ती लेकीला ओलांडून सरळ माझ्याकडे आली. तिनं माझा पट्टा सोडला, टोप उचलून काखेत मारला आणि दोन्ही हातांची बोटं माझ्या घामेजल्या केसांत घालून डोकं चाचपू लागली, माथ्यापासून मानेपर्यंत, कोकराला मार लागला का बघतात तसं.

"कुठं दुखतंय का माय? हितं? हितं?"

"नाही मावशी. कुठेच नाही."

मागे रूपाली हारतुऱ्यात उभी होती, टोप काढलेला, तोंड लाल. "आये," ती म्हणाली, "आये, म्या जिंकले."

"थांब गं," मावशी मान न वळवता म्हणाली. "आधी हिचं डोस्कं बघू दे."

मी मान खाली घालून तिच्यापुढे तशीच उभी राहिले.